लिएजच्या बाजारातला फोन

मास्ट्रिख्ट, ९ ऑगस्ट २०२१

ती. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून ठेवून देतेस. शेवटी कागद घेतला. पाकिटावर नुसतं नाव लिहिलंय. ‘गं. भा.’ लिहायला हात धजला नाही, रागावू नकोस. काका जाऊन चार महिने होत आले आणि मला येता आलं नाही, हे मनातून जात नाही.

इथे फार थकवा आलाय गं. जेवायचं टेबल हेच ऑफिस. आशुतोष आतल्या खोलीत मीटिंगमध्ये, मी बाहेर. नवराबायको बोलतो ते कुकर बंद करण्यापुरतं.

काल बेल्जियममधल्या लिएजला जाऊन आलो. बसने गेलं तर सीमेपलीकडे लगेच, पण उतरलं की सगळं फ्रेंच. मागल्या वर्षी तुम्ही दोघं येणार होतात तेव्हा काकांनी आखलेली कंजूष सहलच केली: डब्यात थालीपीठं, जिथे तिकीट नाही तेच बघायचं, आणि दोघांत एक वॅफल. मजा आली, आणि लगेच अपराधीही वाटलं.

नदीकाठच्या रविवारच्या बाजारात चीज विकणाऱ्या एका आजीबाईंशी फ्रेंच बोलायला गेले. तुझीच विद्यार्थिनी, दहावीला सत्त्याण्णव मार्क! बों जूरच्या पुढे गाडी सरकेना. कसंबसं सांगितलं की माझी मावशी पुण्यात तीस वर्षं फ्रेंच शिकवत होती. त्या म्हणाल्या, मग तिलाच आण.

२६ सप्टेंबरला, रविवारी पुन्हा जाणार आहे. तुझ्या दुपारच्या चहाला तिथून फोन लावीन. तेवढा एक उचल. शेजारच्या मालिनीकाकू सांगतात, तू कुणाशी बोलतच नाहीस. इथे माझा जीव टांगणीला लागतो.

लोभ आहे हे ठाऊक आहे, तो कानांनाही कळू दे.
तुझी,
मंजूषा

पुणे, ३० ऑगस्ट २०२१

चि. मंजूषास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मालिनीला माझ्या चहाड्या सांगायला बरी सापडलीस तू.

फोनचं म्हणशील तर नको. जो तो एकच विचारतो, कसं झालं, शेवटी काय बोलले. काय सांगू? हॉस्पिटलात नेलं, पुढे काही दिसलंच नाही. तेराव्याला गुरुजीसुद्धा मोबाइलवर. मी तोंड उघडलं की समोरचाच रडायला लागतो, आणि त्याची समजूत मी काढायची. त्याचाही कंटाळा आलाय मला.

अपराधी वाटून घेऊ नकोस. तुमची काटकसर ऐकून हे खूशच झाले असते. पण वॅफल एकेक खा, तेवढं मिळवताय. माझं फ्रेंच वाळून गेलंय. फोन लावू नकोस.

आशुतोषला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच.
मावशी

पुणे, २७ सप्टेंबर २०२१

चि. मंजूषास,
अनेक आशीर्वाद.

नको म्हटलं तरी लावलासच, तोही व्हिडिओचा. हट्टी ती हट्टीच. पुन्हा पुन्हा वाजायला लागला तेव्हा उचलला, तो तुला दटावायला. तर समोर तू नाहीच. मास्क हनुवटीवर ओढलेल्या त्या चीजवाल्या बाई.

तू मागे उभी होतीस, पण आमचं बोलणं तुला कळलं नसणार, सत्त्याण्णव मार्क असले तरी. म्हणून लिहिते. त्यांनी विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही नवराबायको दोघं येणार ना? मी सांगितलं, माझा नवरा एप्रिलमध्ये वारला. अडखळत, चुकत, पण सरळ. मराठीत हे वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांचाही गेल्या नोव्हेंबरात गेला, त्यांनाही भेटू दिलं नाही. मग त्यांनी यांचं नाव विचारलं.

तुला माहीत आहे, लग्न झाल्यापासून मी यांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी ‘अहो’, लोकांत ‘हे’. बँकेत विचारलं तरी मी लिहून द्यायचे, आणि तुम्ही पोरी हसायचात. पण त्या बाई वाट बघत होत्या. मी म्हटलं, विनायक. त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, मी वर्गातल्यासारखं दुरुस्त केलं.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने हाक मारली, विनायक. कुणी ओ दिली नाही. तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले, हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

पुढच्या रविवारी घरूनच फोन कर. उचलीन.
तुझी,
कुमुदिनीमावशी