पाण्याकाठचा मुक्काम

तात्या, काल मी उजनीच्या पाण्याकाठी मुक्काम केला. भिगवण ओलांडून डाळजच्या शिवारात, तंबूत, एकटीनं. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "घरात जागा न्हाय व्हय?" आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून तंबूचं कापड दोन बोटांत धरून चाचपलं असतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझेच केस पांढरे व्हायला लागले, पण तुम्ही काय म्हणाला असता ते मला अजून आधीच ऐकू येतं. कधीकधी त्याचा रागही येतो. बोलायचंच असेल तर समोर येऊन बोला की.

आपल्या घरात फिरायला जाणं म्हणजे दोन धारांच्या मधल्या वेळात मावेल तेवढंच. सकाळी म्हशीच्या धारा काढायच्या, एमआयडीसीतल्या डेअरीत दूध घालायचं, की तुम्ही मोकळे, ते संध्याकाळच्या धारांपर्यंत. म्हैसही अशी चमत्कारिक, की तुमच्याच हाताला लागलेली. दुसरं कुणी कासेला बसलं की पान्हा चोरायची. आईनं गोंजारून बघितलं, पेंड घालून बघितली, शिव्याही देऊन बघितल्या, पण ती ढिम्म. त्यामुळं लग्नाला गेलात तरी अक्षता पडल्या की तुमची चप्पल शोधायची घाई सुरू. पाव्हणे म्हणायचे, "जाऊ द्या त्यास्नी, घरी धाकली वाट बघती." आई म्हशीला तोंडावर सवत म्हणायची. मी नुसती जळायचे.

आठवीत असताना मी हट्टच धरला आणि तुम्ही मला सुप्याच्या अभयारण्यात नेलंत, हरणं बघायला. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. सगळीकडं कमरेएवढं वाळलेलं गवत, मधे बाभळी, आणि हरणाचा पत्ता नाही. तुम्ही कमरेवर हात ठेवून त्या गवताकडं बघत राहिलात आणि म्हणालात, "एवढी वैरण, आन कापाया कुणी न्हाय." मला हसू आवरेना. बाभळीखाली बसून आपण भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, तेव्हा तिथला वनरक्षक आला. तो म्हणाला, "पाव्हणं, आत्ता कुठली हरणं? जरा दम धरा. ऊन उतारलं की पाणवठ्यावर येत्यात, चिंकारं, चांगली कळपानं." तुम्ही सूर्याकडं बघितलंत. "तवर आमच्या धारा," एवढंच बोललात, आणि फडकं झटकून उठलात.

परत येताना मी गाडीवर तुमच्या मागं बसलेय, तोंड फुगवून. बारामती जवळ येते तसा दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो, आणि त्या गारव्यात तुम्ही मान न वळवता बोलता, "पुढच्या बारीला मुक्कामालाच जाऊ. हितं न्हाय, भिगवणला, पाण्याकडंला. ती रोहित पाखरं हायत न्हवं, ती दिस बुडताना समदी एकदम उठत्यात म्हणं. मला ते एकदा बघायचंय." तात्या, तुम्हाला काही हवंय असं मी तुमच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मासे आणायला भिगवणला गेलात की ती पाखरं तुम्हाला लांबून पाण्यात उभी दिसायची, पण ती नेहमी भर उन्हात. माझा राग तिथंच गेला. पण तो मुक्काम काही लवकर घडला नाही.

तो घडवला मी, पुण्यात नोकरी लागल्यावर. मैत्रिणीचा तंबू आणला, तुमच्याशी भांडले, आईला फितवलं. आईनं शक्कल काढली. तुमचा डेअरीला जायचा शर्ट घालून, डोक्याला तुमचा टॉवेल गुंडाळून ती धारा काढणार होती. गावाकडं सगळेच करतात तसं, जनावर वासाला फसतं. दुपारी आपण पाण्यावर पोचलो. तुम्ही तंबूला एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "म्हसरानं शिंग लावलं तर घर फाटंल की ह्ये." मग गवतावर मांडी घालून बसलात आणि बसूनच राहिलात. मी तुम्हाला असं हात रिकामे ठेवून बसलेलं कधी बघितलं नव्हतं. समोर उथळ पाण्यात ती पाखरं, गुलाबी पांढरी, माना बुडवून चरत होती. "खाली मुंडी, पाताळ धुंडी," तुम्ही म्हणालात, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसलात. मला वाटलं, हा माणूस आता माझा आहे, निदान सकाळपर्यंत.

दिवस कलला आणि फोन आला. आईचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता, "आवो, शर्ट घातला, टावेल बांधला, तुमच्यावाणी खाकरले बी. तरी लाथ मारून बादली पाडली भवानीनं. कास तट फुगलीया." तुम्ही लगेच उठलात. वाईट वाटलं असेल तुम्हाला, पण खोटं कशाला बोलू, तुमच्या चेहऱ्यावर अभिमानही होता. मी म्हणाले, "तात्या, अर्धा तास. पाखरं उठतील एवढ्यात." तुम्ही तंबूच्या खुंट्या उपटत होता. म्हणालात, "तिची कास ठणकत आसंल गं. मुक्या जनावराला काय सांगू, मी फिराया गेलोय म्हून?" पाखरं उठली तेव्हा तुम्ही वाकून तंबूची घडी घालत होता, पाण्याकडं पाठ करून. मी हाक मारेपर्यंत ती पुढं गेली होती. तुम्ही वर बघितलंत आणि म्हणालात, "ऱ्हाऊ दे. पुन्यांदा येऊ."

पुन्हा यायचं राहिलं. त्याच थंडीत तुम्ही गेलात, गोठ्यातून आलात, छातीला हात लावलात आणि बसलात ते उठलाच नाहीत. घर माणसांनी भरलं होतं आणि गोठ्यात ती हंबरत होती. शेजारच्या आबांनी प्रयत्न केला, आईच्या भावानं केला. शेवटी आईनं डोळे पुसले, खुंटीवरचा तुमचा तोच शर्ट घातला आणि कासेला बसली. आणि तात्या, तिनं पान्हा सोडला. आई धारा काढत होती आणि रडत होती, मीही दावणीला टेकून रडत होते. त्या दिवशी ती म्हैस मला पहिल्यांदाच परकी वाटली नाही. पुढं ती आटेपर्यंत आईनं तो शर्ट घातला, धुतला मात्र कधी नाही.

काल सगळं बघितलं मी. सांगते, ऐका. ऊन पाण्यावरून सरकतं तशी ती आधी चरायची थांबतात आणि माना वर काढतात. मग कडेची दोन-चार पाण्यावर पळत सुटतात, पंख उघडतात, आणि आतला लाल रंग दिसतो, उभी असताना तो दिसतच नाही. मग सगळी. आवाज केवढा होतो म्हणून सांगू, बदकांच्या कालव्यासारखा. डोक्यावरून गेली आणि पार पळसदेवाकडं दिसेनाशी झाली. एवढंच असतं ते. फार वेळ चालत नाही. तुम्ही थांबला असता तर म्हशीलाही फार उशीर झाला नसता. हे मी भांडायला नाही लिहीत. माझ्या शेजारी गवतावर तुम्ही हवे होता, एवढंच म्हणायचंय, आणि तुमचं नसणं काल मला अजिबात सोसलं नाही.

हे लिहून मी घडी करून पर्समध्ये ठेवीन, दुसरं काय करणार. एक मात्र तुम्हालाच सांगते, घरी कुणाला सांगायची नाही. भाड्याचा तंबू मी दोघांचा सांगितला होता. का, ते माझं मलाच धड कळत नाही. तंबूवाल्या बाई मच्छीमारांच्या घरातल्या, चुलीवर भाकऱ्या थापत होत्या. पाखरं गेल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, फोनवर दोन माणसं म्हणला हुता. दुसरं माणूस कवा येणार?" माझ्या तोंडून निघून गेलं, "धारा काढून येतील."

त्यांनी मान हलवली. "मग उशीर व्हईल त्यास्नी. भाकरी झाकून ठिवते."

मी म्हणाले, "ठेवा."