एक्क्याण्णव मिनिटं

२ ऑगस्ट
आज रुजू झालो. केंद्र लहानसं आहे: दोन खोल्या, गच्चीवर अँटेना आणि फक्त बाईंचं ऐकणारं चहाचं यंत्र. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. माझ्याकडे एक निवृत्त उपग्रह दिलाय, बुटाच्या खोक्याएवढा. कधीकाळी नवं तंत्रज्ञान तपासायला पाठवलेला. बॅटरी गेली आहे. उन्हात आला की बोलतो, सावलीत गेला की गप्प. त्याला ऐकू मात्र काहीच येत नाही. थेट माझे सासरे! एक्क्याण्णव मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी, त्यातली छत्तीस सावलीत. रोज थोडा थोडा खाली येतोय, महिनाअखेरीस जळून जाईल. तोवर त्याच्या वेळांचा तक्ता ठेवायचा. घर पाच मिनिटांवर. ही खूश, लेक तर घरभर नाचतेय.

५ ऑगस्ट
इथली एक रीत आहे. उपग्रह निवृत्त झाला की त्याचं नाव काढून घेतात, नुसता क्रमांक उरतो. नाव असलं की पडताना जीव अडकतो, असं बाई म्हणाल्या. मला हसू आलं. नावाचा रिकामा रकाना बघवेना, म्हणून गंमत म्हणून लेकीचं लाडाचं नाव टाकलं: ठमी. दिवसभर माझं आपलं ठमी उन्हात, ठमी सावलीत, असं चाललं होतं.

९ ऑगस्ट
ठमीला ताप. साथ चालू आहे म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं. चार वर्षांच्या पोरांना होतंच असं, हे आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं.

१३ ऑगस्ट
ताप चढतो, मग हुडहुडी भरते, परत चढतो. डॉक्टर चक्रावलेत. त्यांनी वेळा लिहायला सांगितल्या होत्या, त्या हिने कॅलेंडरच्या मागे लिहिल्या. जेवताना सहज बघितलं. चौपन्न मिनिटं ताप, छत्तीस मिनिटं थंडी. हा माझाच तक्ता होता; खाली येता येता उपग्रहाची फेरीही नव्वदवर आली होती. एका मिनिटाचाही फरक नाही. ताट सारून वेळा पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिल्या.

१४ ऑगस्ट
नाव खोडलं. फाइल पुसली, नवा तक्ता नुसत्या क्रमांकाने केला. दुपारी ठरल्या मिनिटाला तिला हुडहुडी भरली.
बाईंना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, त्या हसल्या नाहीत. उपग्रहाला थोडं वर ढकला, म्हणून मी अक्षरशः हात जोडले. त्या म्हणाल्या, "त्यात इंधन कधी नव्हतंच. आपण फक्त बघू शकतो."

१९ ऑगस्ट
दवाखान्यात. एकोणनव्वद मिनिटं. डॉक्टर म्हणतात, पाळ्या जवळजवळ येताहेत. का, ते मला माहीत आहे. हिला सांगितलं. हिने माझा हात झटकला. मग तक्ता मागून घेतला. आता त्यात बघूनच पांघरूण घालते, काढते.

२३ ऑगस्ट
अठ्ठ्याऐंशी. मला भीती वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२५ ऑगस्ट, सकाळी सव्वादहा
बाईंचा फोन. आजच. अकराच्या आत. आत्ता सावलीत आहे —

१०.४१
बाहेर आला. ठमीने डोळे उघडले. पलंगावर पडून माझ्याकडे वरून बघावं तशी बघतेय. म्हणाली, "बाबा, मला खाली घे ना."
मांडीवर घेतलं. अजून खाली, म्हणते. जमिनीवर बसलोय. अजून —

१०.५२
हिने ठमीचे पाय धरलेत, मी एका हाताने — थर्मामीटर पुढे मोजतच नाही — वेळ लिहायची सवय — पोर मांडीला टेकत नाहीये — घट्ट धरलंय, तरी — उजेड कसला ए