दादाची जागा

नौपाडा, ठाणे
३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. नयन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट बघून तुला हसू येईल. दोघांच्या खिशात फोन असताना म्हातारा पोस्टात रांग लावतोय म्हणशील. पण विमल दिवसभर माझ्या हाताच्या अंतरावर असते. तिच्याबद्दल तिच्यादेखत फोनवर काय बोलणार? तेव्हा हे पत्र. उत्तरही पत्रानेच पाठव.

मी मॉरिशसला रचनाकडे येत नाही. तिला अजून कळवलेलं नाही, ते तू कळव. लेक माझ्याशी भांडते, आत्याचं ऐकते. आणि विमललाही पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीत ती शेजारच्या समृद्धीकडे फराळाचं ताट घेऊन गेली आणि दारात उभी राहून तिलाच विचारू लागली की हे घर कुणाचं. समृद्धी बिचारी हसून बाजूला झाली, पण जिन्यात पाहुणे उभे होते. ते बघत होते. मला ते सहन झालं नाही. तेव्हापासून मी तिला खाली उतरू देत नाही. भाजी मीच आणतो, देवळातही मीच जाऊन येतो.

डॉक्टरांनी सांगितलंच आहे की हा विसर वाढत जाणार. मग निदान आपल्या चार भिंतींत वाढू दे. परक्या देशात, परक्या माणसांत तिची शोभा नको. रचनाने तिथे म्हणे आठ माणसांच्या गाडीची सहल ठरवली आहे, दिवसभर किनाऱ्यावरचे कडे आणि समुद्र दाखवतात. बेटाची एवढी नवलाई कशाला? बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून सांगतो, आम्ही ठाणेकर साष्टी बेटावरच राहतो. तू पडलीस खाडीपलीकडची, तुला विमानात बसावं लागतं!

पंढरीरावांना नमस्कार. त्यांचा खोकला थांबला का ते लिही. माझ्यावर चिडशीलच, पण चिडून झाल्यावर थोडी माया शिल्लक ठेव.

तुझा,
दादा


कोपर, डोंबिवली (प.)
७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून डोकं फिरलं, मग दोन कप चहा घेतला, तेव्हा कुठे पेन हातात धरलं. तुझे आशीर्वाद पहिल्या ओळीत आणि शहाणपण पुढच्या दोन पानांत, नेहमीसारखं.

दादा, स्पष्टच लिहिते. वहिनी येणार. मी तिला घेऊन जाणार. तू नको येऊस, बस साष्टी बेटावर! तुला तिची शोभा होईल अशी भीती नाहीये रे, तुला भीती आहे ती लोकांच्या नजरेची. तिला काय होतंय? घर कुणाचं म्हणून विचारलं, एवढंच ना? आमच्या सोसायटीत धडधाकट माणसं चुकून दुसऱ्याच्या दाराला चावी लावतात. तिला घरात कोंडून ठेवलंस तर विसरायला तरी काय उरणार तिच्याकडे? रोज तीच भिंत आणि तोच तू.

रचना रडली फोनवर. आई ओळखते आहे तोवर मला तिच्याबरोबर एकदा समुद्र बघू दे, असं म्हणाली. यावर तुझ्याकडे काही उत्तर असेल तर लिही, नसेल तर वहिनीची बॅग भर. स्वेटर नको, तिकडे उकडतं. गोळ्या मात्र वेगळ्या डबीत दे. सहलीच्या गाडीतली तुझी सीट रचना रद्द करणार नाहीये. शेवटच्या दिवसापर्यंत ठेवते म्हणाली, बापावर गेली आहे, हट्टी.

यांचा खोकला गेला, विड्या गेल्या नाहीत. तुझा राग मावळला की एक फोन कर, नाही मावळला तरी कर. धाकटी आहे, सांभाळून घे.

तुझी,
नयन


नौपाडा, ठाणे
१ डिसेंबर २०२५

चि. सौ. नयन हिस,
आशीर्वाद.

विमलला दारात सोडून तू चहाही न घेता पळालीस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

परत आली ती छान दिसत होती, हे कबूल करतो. चेहरा उन्हाने रापलेला, भूक चांगली, आणि बोलत होती. किती दिवसांनी बोलत होती! पण काय बोलत होती? दूधवाल्याला, समृद्धीला, खालच्या इस्त्रीवाल्याला, सगळ्यांना एकच, की आम्ही दोघं मॉरिशसला जाऊन आलो. आम्ही दोघं! यांना समुद्र फार आवडला म्हणे. नयन, मी त्या वेळी इथे बसून पिठलं-भात खात होतो.

पहिल्या दिवशी मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी नीट समजावून सांगितलं, की विमल, मी नव्हतो, तू आणि नयन गेला होतात. मी विमानाची तारीख दाखवली, तिकीट दाखवलं, रचनाने पाठवलेले फोटो एकेक करून दाखवले आणि विचारलं, यात मी कुठे आहे? तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, चूक दिसली की ती मिटवल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हापासून तिची वाचा बसली आहे. जेवत नाही. दुपारी माझा डोळा लागला की जवळ येऊन माझ्या नाकापुढे हात धरते. जाग आली तर दचकून मागे सरते. काल मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर अंग चोरून घेतलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती मला कधी घाबरल्याचं मी पाहिलं नव्हतं.

तुम्ही तिथे तिला काय सांगितलंत? तिची समजूत काढायला काही खोटं बोललात का? राग नाही, पण मला खरं काय ते कळलं पाहिजे. ती माझ्यापासून लांब चालली आहे आणि मी काय केलं तेच मला समजत नाही.

उत्तर लगेच टाक. पंढरीरावांना विचारल्याचं सांग. बाकी काय लिहू, भावावरचं प्रेम या पत्रामुळे कमी करू नकोस.

तुझा,
दादा


कोपर, डोंबिवली (प.)
५ डिसेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मी पळाले ती खरंच पळाले. सांगायचं होतं, धीर झाला नाही. आता सगळं लिहिते. वहिनीसमोर वाचू नकोस.

त्या सहलीच्या दिवशी सकाळी गाडी रचनाच्या दारात आली. आठ जागांची लहान गाडी. एक फ्रेंच आजी-आजोबा, दक्षिण आफ्रिकेच्या दोन शिक्षिका, आम्ही तिघी, आणि तुझी रिकामी जागा. ड्रायव्हरचं नाव गोविंदा. त्याचे पणजोबा कोकणातून गेलेले. तो मराठी शाळेत शिकलाय, त्यामुळे अगदी पुस्तकातलं बोलतो, कृपया आसनस्थ व्हा वगैरे. म्हटलं, इथेही आमचा दादा भेटलाच!

वहिनी चढली आणि पहिलं काम काय केलं असेल? कमरेचा रुमाल काढून शेजारच्या सीटवर टाकला. आपण एसटीत टाकायचो तसा. कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाली, हे येतायत. मला वाटलं, सवय आहे, विसरेल. पण ती प्रत्येक ठिकाणी उतरताना रुमाल नीट पसरून ठेवायची. फ्रेंच आजोबांना वाटलं, बाई रुमाल विसरली. धावत येऊन हातात द्यायचे. ही मान हलवायची आणि परत सीटवर टाकायची. तीनदा झालं असं. मग गोविंदाने त्यांना समजावलं असावं, कारण पुढे तेच आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सीटपासून लांब ठेवू लागले. गुडघा दुखत होता त्यांचा, पाय पसरायला ती जागा बरी पडली असती, पण नाही बसले.

ग्री-ग्री नावाचा एक कडा आहे. तिथे लाटा अशा आपटतात की बोललेलं ऐकू येत नाही. आफ्रिकेच्या बाईंनी विचारलं, की सगळीकडे समुद्र शांत आणि इथेच असा का? गोविंदा तोंड उघडणार तोच आपली वहिनी बोलायला लागली. दादा, शपथेवर सांगते. बेटाभोवती प्रवाळाची भिंत असते, ती लाटा बाहेरच अडवते, म्हणून आतलं पाणी उथळ आणि फिकट. जिथे ती भिंत नसते तिथे समुद्र थेट येऊन धडकतो. हातवारे करून, तुझ्यासारखं मध्येच थांबून, कळलं का असं विचारून. सकाळचा चहा झाला की नाही ते तिला सांगता येत नव्हतं. रचना इंग्रजीत सांगत होती आणि रडत होती. तू पाठाची तयारी मोठ्याने करायचास ना, ती तिकडे पोळ्या लाटत असायची. सगळं आत जाऊन बसलंय. गोविंदाने हात जोडले आणि विचारलं, की आपण शिक्षिका होता का? ती लाजली. म्हणाली, मी नाही, हे. आणि बाजूला बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

आता तू विचारलंस ते. शेवटचं ठिकाण माकोंदेचा कडा, पायऱ्या चढून वर जायचं. खाली आलो, सगळे गाडीत बसले, वहिनी बसेना. हे अजून वर आहेत, घेऊन येते म्हणाली. रचना थकलेली होती रे. तिने सरळ सांगून टाकलं, की आई, बाबा इथे नाहीत, बाबा आलेच नाहीत.

वहिनी तिथेच गवतावर बसली. माझा पदर धरला आणि विचारलं, हे गेले का गं? कधी गेले? मला कोणी सांगितलं का नाही?

दादा, तिला तू नाहीस याचा एकच अर्थ कळतो. घरी आहे, ठाण्यात आहे, हे काही तिच्यापर्यंत पोचत नाही. तू नव्हतास म्हटलं की तिला वाटतं तू गेलास. असं रडली, असं रडली, की त्या फ्रेंच आजींनी तिला मिठीत घेतलं आणि काही न कळता त्याही रडल्या. मग मी बोलले ते खोटं. मी म्हटलं, दादा होता ना, आत्ता इथेच होता, पुढे जाऊन घरी थांबलाय. तिने डोळे पुसले आणि गाडीत बसली. खोटं बोलल्याचा मला जराही पस्तावा नाही. तुला मात्र सांगायला हवं होतं.

ती तुला घाबरत नाहीये. तू समोर बसून तिला पुन्हा पुन्हा सांगतोयस की मी नव्हतो. तिला बिचारीला कळत नाही की मग हा समोर कोण, आणि तिचा माणूस जिवंत आहे की नाही. नाकापुढे हात कशाला धरते, आता कळलं ना?

पुढे काय करायचं ते तू ठरव. तू मोठा आहेस. रागाव, पण परकी करू नकोस मला.

तुझी,
नयन


नौपाडा, ठाणे
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. नयन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र जिन्यात उभं राहून वाचलं. मग तिथेच पायरीवर बसलो. समृद्धी भाजी घेऊन वर येत होती, तिने विचारलं काका बरं वाटत नाही का. तिच्यासमोर मला रडू आलं. लोकांच्या नजरेचं म्हणशील तर आता काही उरलं नाही.

आत गेलो. विमल पलंगाच्या कडेला बसली होती. शेजारी बसून म्हटलं, त्या ग्री-ग्रीला वारा किती होता नाही? तिने मान वर केली. मग म्हणाली, तुम्हाला तर उभं राहवत नव्हतं, माझा हात धरला होता तुम्ही. मी म्हटलं, हो, धरला होता. तेव्हा तिने माझा हात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं, तेही लिहून टाकतो.

आता रोज आमची सहल निघते. संध्याकाळी तिला तलावपाळीवर नेतो. हो, नेतो. परवा तिथे बाकावर शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते, त्यांना तिने सगळं मॉरिशस सांगितलं. गाडी, गोविंदा, फ्रेंच आजोबांचा गुडघा. मग म्हणाली, यांनी तिथे अननसाच्या फोडी तिखट लावून खाल्ल्या आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. मी सांगितलं, फार तिखट होतं हो. विमल इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला तिला.

पण अडचण अशी आहे, की ती मध्येच काही विचारते आणि मी अडखळतो. अडखळलो की तिच्या डोळ्यांत ती भीती पुन्हा येऊ लागते. अननस तुझ्या पत्रात नव्हता. कोणी खाल्ला होता? माकोंदेच्या पायऱ्यांना कठडा होता का? गाडीत मी खिडकीशी बसलो होतो की आतल्या बाजूला? रचनालाही विचारून ठेव. ती जानेवारीत येईल तेव्हा आम्ही तिघं बोलत बसू, तर माझी फजिती व्हायला नको.

पंढरीरावांना सांग, विड्या सोडा नाहीतर मी येऊन सोडवीन. तू आम्हाला जीव लावतेस तसाच लावत राहा.

आणि नयन, आठवेल ते सगळं लिहून पाठव, बारीकसारीकसुद्धा. मी होतो तिथे, पण मला सगळं आठवत नाही.

तुझा,
दादा