पुढचा नंबर शिवकन्येचा

३ फेब्रुवारी १९७४
बदनापूर स्टेशनावर उतरलो. ट्रंक, वळकटी आणि नेमणुकीचा कागद, एवढाच माझा संसार. डोळ्यांचा धर्मादाय दवाखाना गावाबाहेर, ज्वारीच्या रानाला लागून. मला स्वतंत्र खोली, खाट, मोठी खिडकी. मी खूश! डॉक्टरसाहेब मोठ्या मनाचे दिसतात. म्हणाले, डोळ्याला जात नसते. माझा चहाचा कप मात्र वेगळा, खिळ्याला टांगलेला. असू दे, निदान कुणी उष्टा तरी करणार नाही.

१० फेब्रुवारी
कामाचं स्वरूप कळलं. माणूस गेला की बर्फ भरलेला थर्मास घेऊन जायचं आणि घरच्यांची समजूत घालायची. साहेब डोळे काढतात, मी थर्मास धरतो. ती बुबुळं मग आंधळ्यांना बसवतात. गावात कुणी डोळे देत नाही. दिले तर पुढच्या जन्मी आंधळं व्हावं लागतं म्हणे. आम्हा बौद्धांना ती भीती नाही, आम्ही पुढचा जन्मच सोडून दिलाय. साहेबांनी मला, देवानंद कांबळेलाच, का नेमलं, ते आता उमगलं.

२४ फेब्रुवारी
सबंध आठवड्यात कामाशिवाय माझ्याशी कुणी बोललं नाही. फार एकटं वाटतं. बौद्धवाड्यातला म्हातारा पुंजाराम तेवढा जेवायला बोलावतो. त्याची लेक शिवकन्या चाचपडत भाकरी वाढते. लहानपणी देवी आल्या आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. साहेब तिला सांगतात, पुढचा नंबर तुझा. दर वेळी पुढचाच. आज पुंजारामनं माझा हात धरला. म्हणाला, "म्या गेल्यावर माझे डोळे काढा, पन पोरीलाच बसवा. तेवढं बराबर करा, साहेब." मी शब्द दिला.

११ मार्च
पुंजाराम रानात कोसळला. जागीच गेला. डोळे उघडेच होते. साहेबांनी काढले, मी थर्मास छातीशी धरून आणला. शिवकन्येला सांगितलं, उपाशीपोटी ये, उद्या ऑपरेशन. ती रडता रडता हसली.

१२ मार्च
एक डोळा तातेराव पाटलांना बसवला, दुसरा त्यांच्या व्याह्यांना. दवाखान्याची जमीन पाटलांची. मी विचारलं तर साहेब म्हणाले, पोरीचा नंबर पुढचा.
ती सकाळपासून पायरीवर उपाशी बसली होती. मीच सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मंग माझे बाबा आता कुनाकडं बघून राह्यले?"

२० मार्च
पट्ट्या सोडल्या. तातेरावांना दिसतं! पेढे वाटले. पेढा हातात धरून ते माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या जुन्या डोळ्याची पापणी लवते. पुंजारामच्या डोळ्याची लवत नाही.

२३ मार्च
तातेराव विचारतात, पायरीवर उपाशी बसलेली पोरगी कोण? पायरी रिकामी आहे. भिंतीकडे तोंड केलं तरी त्यांना तीच दिसते. व्याही दुसऱ्या खोलीत आहेत, तातेरावांशी त्यांचं बोलणं झालेलं नाही. तेही तेच विचारतात.

२५ मार्च
जुने पेशंट तपासणीला आले. सगळे चांगल्या घरचे. डोळे मात्र आमच्या बौद्धवाड्यातल्या मेलेल्यांचे. सगळे एकदम माझ्याकडे वळले — पापणी न हलवता —
साहेबांना सांगितलं. कपाळाला हात न लावताच म्हणाले, तुला ताप आहे.

२७ मार्च
ताप खराच आहे. पाणी संपलंय. हाक मारतो, कुणी येत नाही. काल साहेबांना म्हटलं होतं, बौद्धवाड्यात निरोप धाडा — धाडला की नाही, कोण जाणे —
भर दुपारी खिडकीशी तातेराव. मागे व्याही. मागे बाकीचे. नुसते बघतात —

२८ मार्च
साहेब आले. औषध नाही दिलं. म्हणाले, तुम्ही लोक पुढचा जन्म मानत नाही, ते बरं आहे. थर्मास खाटेखाली ठेवून गेले.
हात घालून पाहिला. बर्फ ताजा —

तारीख कळत नाही
जिवंत आहे तोवर लिहून ठेवतो. माझे डोळे शिवकन्येला. तिलाच. पुढचा नंबर नको. दार वाजतंय — दुसऱ्या कुणाला बसवले तर मीसुद्धा त्यातून —