डोक्याच्या उंचीवर नेम

३ मार्च, सोमवार
आज परत सगळ्यांत आधी मेलो. मी दंतवैद्य. केसाएवढ्या नळीतून दाताच्या मुळापर्यंत सुई नेणारा हात – आणि दारात उभा असलेला धिप्पाड माणूस मला टिपता येत नाही! आईने हेडफोन काढला. ‘केवढा पळतोय तुझा माउस! वेग निम्मा कर.’ जन्मभर टेबल टेनिस शिकवलं, निवृत्त झाल्यावर गेममधली बंदूक शिकवतेय. गेमच्या संघातली तिसरी माझी बायको. माझ्यापेक्षा बरी खेळते. झालं कौतुक लिहून.

५ मार्च
वेग निम्मा केला. आता मरायला दुप्पट वेळ लागतो. प्रगती!

८ मार्च, शनिवार
आईचा धडा : जमिनीकडे नेम धरून चालू नकोस. कोपऱ्यामागून शत्रूचं डोकं जिथे निघेल, तिथे आधीच नेम ठेव. ‘मग फक्त बोट हलवायचंय. तेवढं जमेल ना, डॉक्टर?’ पळता पळता गोळी झाडायची नाही. बंदूक वर उसळली की माउस खाली ओढायचा.
सगळं ऐकलं. एक टिपला! आई म्हणाली, ‘पाठमोरा होता तो.’ या घरात आनंदालाही परवानगी लागते.

९ मार्च
चौथा गडी मिळाला. आईनेच शोधला. गेममधलं नाव मुंगूस. माइक कायम बंद, नकाशावर नुसत्या खुणा करतो. बायको म्हणाली, ‘लाजाळू असेल.’ शहाणा असेल! आमच्या घरात बोलून कुणाचं भलं झालंय? बाबांचं ऑपरेशन करायचं की नाही, यावरून मी आणि धाकटा भाऊ भांडलो. बाबा गेले, भांडण राहिलं. तीन वर्षं दोघांची तोंडं बंद. घराण्याचा बाणा! दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणणाऱ्याला शोभतं अगदी.

१५ मार्च
मुंगूस भलताच तयार आहे. मी दारावर नेम धरला की तो बाजूची खिडकी धरतो – आत येणारा बरोबर कात्रीत. मी पडलो की मला मारणाऱ्याला लगेच उडवतो. जिथे मेलो तिथूनच पुन्हा डोकावायची माझी खोड आहे. मी डोकावायच्या आत हा तिथे धुराचा पडदा सोडून मोकळा! न सांगता!
आईला विचारलं, कुठून आणलास गं हा?
‘तू समोर बघ.’

१६ मार्च
जिंकलो. श्रेय अर्थातच आईला. असं आईनेच सांगितलं.

२२ मार्च
शेवटचा डाव. मुंगूस आणि मी, दोघेच उरलेले. मी दारावर नेम धरून बसलो होतो. कानात खरखर झाली, मग तीन वर्षांनी तो आवाज :
‘दादा, मागे बघ.’
माउसवरचा हातच सुटला. मेलो.
शेजारच्या खुर्चीतून आई म्हणाली, ‘मेलास तर मेलास. बोल आता त्याच्याशी.’