सासूबाईंच्या टेबलक्लॉथवरचा डाग

३ मार्च, मंगळवार. सकाळी

ही काल तिच्या ताईकडे गेली. ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन. रविवारी परत. घरात आता शांतता आणि शिस्त. आजपासून रोजनिशी. लिहिणाऱ्या माणसाचं डोकं थंड राहतं.

दुपारी

टेबलक्लॉथवर चहा सांडला. मी सांडला असं म्हणता येणार नाही. या कपांचे कान ज्याने डिझाइन केले त्याने आयुष्यात कधी कप उचललेला नाही.

टेबलक्लॉथ सासूबाईंनी क्रोशाने विणलेला. फुलाला फूल जोडलेलं, मधे जाळी. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मागे तो हिच्या वाट्याला आला. तेव्हापासून मेहुणीचं एकच पालुपद, त्या घरात त्याची वाट लागणार. 'त्या घरात' म्हणजे मी. तोंडावर बोलायची हिंमत नाही.

संध्याकाळी

थंड पाण्यात बुडवला. चहा निघून गेला. इतकं सोपं. बायका उगाच बाऊ करतात.

पण धुताना खरी भानगड दिसली. कोपऱ्यातल्या फुलावर एक तपकिरी डाग. जुना, मुरलेला, बोटाच्या पेराएवढा. हिची खुर्ची नेमकी त्याच कोपऱ्याला. चहा पिताना हिचा डावा अंगठा कायम त्या डागावर. आज उलगडा झाला. कोणाला दिसू नये म्हणून झाकते बिचारी. इतकी वर्षं ओशाळून चहा पितेय आणि मला पत्ता नाही.

संकल्प: ही यायच्या आत डाग साफ. हिला सरप्राइज. मेहुणीचं तोंड कायमचं बंद.

४ मार्च, बुधवार

लाँड्रीवाल्याकडे गेलो. त्याने कापड उजेडात धरलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, फाटलं तर मी जबाबदार नाही. शर्टाची बटणं फोडणाऱ्याने ही भाषा करावी. मी त्याला सांगितलं की मी रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल सांभाळलंय. तो म्हणाला, मग घरीच करा की साहेब. प्रथमच अकलेचं बोलला.

खरंच आहे. जन्मभर रंग टिकवले. डाग काढणं म्हणजे तेच काम उलट्या बाजूने.

दुपारी

एक व्हिडिओ पाहिला. त्यातली बाई म्हणते, जुन्या क्रोशाला चोळू नका, कोमट पाण्यात भिजत ठेवा आणि धीर धरा. आळसाला लोक हल्ली काहीही नावं देतात. लिंबू, मीठ आणि ब्रश. बुटाचा नव्हे, दाताचा. एवढी समज आहे मला.

डाग तसाच. शेजारची जाळी जराशी मोकळी झाली. हवा खेळती राहील.

संध्याकाळी

हिचा फोन. घरात कशाला हात लावू नका म्हणाली. दोनदा म्हणाली. मी दमू नये ही काळजी. सरप्राइज मुद्दाम फोडलं नाही. मागून मेहुणीचा आवाज येत होता. गुडघा बंद आहे, तोंड चालू.

५ मार्च, गुरुवार

ब्लीच आणलं. बाटलीवर लिहिलंय, भरपूर पाण्यात मिसळून वापरा. हे अडाणी गिऱ्हाइकासाठी. डायरेक्ट ओतलं.

डाग फिकट झाला. त्याच्याभोवती मात्र पांढराफटक गोल पडला. त्या गोलामुळे बाकीचा टेबलक्लॉथ किती मळका आहे हे उघडं पडलं. म्हणजे दोष गोलाचा नाही. आता अर्धवट सोडण्यात अर्थ नव्हता. सगळाच बादलीत टाकला. उरलेली बाटली वर.

६ मार्च, शुक्रवार

डाग गेला. साफ. नावालासुद्धा शिल्लक नाही. भिंग लावून पाहिलं. लाँड्रीवाल्याला नेऊन दाखवायला हवं.

बादलीच्या तळाशी काही फुलं सुटी सापडली. मुळात जोडच कच्चे. सासूबाई आता नाहीत, म्हणून अधिक बोलत नाही.

दुपारी

गॅलरीत दोरीवर वाळत घातला. पाण्याच्या भाराने खाली ओढला गेला. टेबलक्लॉथ होता, पडदा झाला. शेजारीणबाईंनी वाकून विचारलं, कबुतरांसाठी जाळी आणलीत का. या बाईंच्या घरात सगळं प्लॅस्टिकचं. त्यांना हस्तकला काय कळणार. हसलो आणि आत आलो.

७ मार्च, शनिवार

ओढला गेलेला कपडा पुन्हा आकारात आणायचा तर ओला करून फळीवर ताणायचा आणि टाचण्या मारायच्या. हे मला आपसूक सुचलं. व्हिडिओतल्या बाईनेही पुढे तेच सांगितलं, म्हणजे तिला थोडंफार कळतं. ती म्हणाली, टाचण्या न गंजणाऱ्या घ्या. मी ड्रॉवरमधल्या घेतल्या. टाचणी ती टाचणी.

रात्रभर तसाच ठेवणार. उद्या ही येईल. काय म्हणेल याचा अंदाज करत बसलो होतो. बहुतेक काही बोलणार नाही. डोळ्यांत पाणी येईल.

८ मार्च, रविवार. सकाळी

टाचण्या काढल्या. प्रत्येकीच्या जागी गंजाचा ठिपका. पण ठिपके काठाभोवती सारख्या अंतरावर आहेत, तेव्हा नक्षी म्हणून खपेल. टेबलावर अंथरला. एका बाजूने जमिनीवर लोळतो, दुसऱ्या बाजूने लाकूड दिसतं. तिथे फळांची परडी ठेवली. सुटी फुलं परडीखाली.

कोपरा मात्र पांढराशुभ्र. हिची खुर्ची पुसून त्याच्यासमोर नीट लावली.

संध्याकाळी

ही आली. पिशवी खाली ठेवली. परडी उचलली. फुलं बघितली, ठिपके बघितले, लोळणारा काठ उचलून वर घेतला. आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाली की ताईला इतक्यात कळवू नका.

मी म्हटलं, ते सोड, कोपरा बघ. हिने कोपरा जवळ ओढला. उलटा केला. खिडकीशी नेला. विचारलं, इथला डाग कुठाय.

मी सांगितलं, गेला. मुळासकट. म्हटलं, आता अंगठ्याने झाकत बसायला नको.

ही खुर्चीवर बसली. मग सांगितलं. विणून विणून सासूबाईंचा अंगठा भेगाळायचा. त्यावर तपकिरी मलम लावायच्या आणि तशाच विणायला बसायच्या. हे फूल सगळ्यात शेवटचं. पुरं झालं तेव्हा त्यांनी ते दाबून सारखं केलं आणि अंगठा उमटला. त्या धुवायला निघाल्या होत्या. हिने धुवू दिलं नाही. पुढे वाटणीच्या वेळी ही ताईला म्हणाली, तू ने, पण तो कोपरा तेवढा धुऊ नकोस. ताई म्हणाली, डागच जपायचा असेल तर तूच ने. म्हणून तो या घरात आला.

झाकत नव्हते, म्हणाली. आईच्या अंगठ्यावर अंगठा ठेवून बसायचे.

मी म्हटलं, अगं, मग मला सांगायचं नाही का. ही म्हणाली, रोज तुमच्यासमोरच बसायचे.

९ मार्च, सोमवार. सकाळी

चहा झाला. टेबल उघडं. टेबलक्लॉथ हिने घडी करून कपाटात ठेवला, सुटी फुलं पाकिटात घालून त्याच्यावर. चहा पिताना डावा हात कुठे ठेवावा हे हिला कळत नव्हतं. शेवटी मांडीवर ठेवला. कपांच्या कानांबद्दल मी काही बोललो नाही.

दुपारी

ही भाजीला गेली. औषधांच्या दुकानातून मी सकाळीच भेगांचं मलम आणून ठेवलं होतं. तपकिरी मिळालं, हे नशीब. कपाटातून टेबलक्लॉथ काढला. कोपऱ्यातलं फूल शोधलं. डाव्या अंगठ्याला मलम लावलं, दाबला.

माझा अंगठा फार मोठा आहे.

डाग थंड पाण्यात धरून पाहिला. निघत नाही.