माझ्या घरात काळी तार जिवंत

सोमवार, ४ मार्च

इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. भर चौकात, सिग्नलला! बॉनेटच्या फटींतून वाफ, आणि शेजारचा स्कूटरवाला विचारतो, "काका, चहा झाला का?"

कालच सर्व्हिसिंगहून आलेली गाडी. भंगारातून उचलून एकेक स्क्रू करत मी ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार उभी केली. कॉलेजचं तोंड न पाहता. आजवर परका हात लागू दिला नव्हता. पण खांद्याने दगा दिला. हात वर जाईना, म्हणून जावई सुपरवायझर आहे त्या वर्कशॉपात दिली. आमची लेक ठमीही तिथेच काउंटरवर बिलं करते. म्हटलं, घरचीच माणसं.

जावयाला फोन केला. "बाबा, सगळं नीट तपासलंय. कूलंट नवं, बेल्ट नवा, रेडिएटरचा जुना पंखा कुरकुरत होता म्हणून तोही नवा बसवला. गाडीचं वयही झालंय हो."

वय माझंही झालंय. मी उकळतो का?

"आत्ता काय चाललंय मग?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

मंगळवार, ५ मार्च

घाईने कोणावर आळ घ्यायचा नाही, ही माझी पद्धत. (आळ नंतर घ्यायचा. पुराव्यासकट.)

गळती नाही. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता, सकाळी कोरडा ठणठणीत. कूलंटची पातळी बरोबर. रेडिएटरचं झाकण ठीक. पाइपात हवा अडकली असेल म्हणून नाक वर करून उभी केली, हवा काढली. एक बुडबुडा नाही.

मग चालवून पाहिली. मोकळ्या रस्त्यावर काटा जागचा हलत नाही. थांबलो की चढतो. निघालो की उतरतो. म्हणजे दोष कुठेतरी थांबण्यात आहे. हे त्या काचेच्या वर्कशॉपातल्या कोणाला सुचलं नाही. तिथे गाडीला आधी संगणक जोडतात. माणसाने डोकं जोडायचं कधी?

बुधवार, ६ मार्च

थर्मोस्टॅट काढला. पाणी तापलं की उघडणारी झडप ती. घरात तपासायची रीत सोपी: पातेल्यात पाणी, पाण्यात झडप, खाली गॅस. अगदी वेळेवर उघडली. कमळासारखी. मी हिला बघायला हाक मारली, तर ही पातेल्याकडेच बघत राहिली. "दुधाचं आहे ते."

नवं पातेलं आणावं लागणार.

दुपारी घराच्या पंपासाठी इलेक्ट्रिशियन आला होता. तारा उघडून ओरडलाच, "हे कोणी केलंय? काळी तार जिवंत कशी? करंट लालमध्ये असतो!" म्हटलं, मी केलंय. पंप, लेथ, दारावरची घंटा, गाडीचे मागचे दिवे, मी जे जे जोडलं तिथे काळी जिवंत. पहिली जोडणी तशी झाली, चालली, मग बदलली नाही. माझ्या घरात माझा कायदा. घरच्यांना पाठ आहे. "घरच्यांना असेल," तो म्हणाला, "मला मरायचं नाहीये," आणि आधी मेन स्विच बंद केला.

संध्याकाळी ठमी आली. मनगटावर चटका. "इस्त्री लागली," म्हणाली. नखं पण अगदी बारीक कापलेली. काउंटरवर बसणारी पोर, नखांची हौस कुठे गेली कोण जाणे. जेवताना सगळा वेळ गाडीचंच. "बाबा, पंखा फिरतो ना?" फिरतो. "आवाज?" गोड. "मग तर..." हात धुताना म्हणे, मी बघू का जरा?

म्हटलं, तू बिलांचं बघ.

ठमी लहान असताना मी गाडीखाली गेलो की तीच टॉर्च धरायला असायची. हलवायची आणि ओरडा खायची. पुढे म्हणाली, मला हेच शिकायचंय. मी साफ नाही म्हटलं. घरात एकाचे हात काळे झाले तेवढे पुरेत. आता नवऱ्याची बाजू घ्यायला गाडीत रस दाखवते. मला का कळत नाही?

गुरुवार, ७ मार्च

गाडीतला पाण्याचा पंपही ठणठणीत! मग काय माझं नशीब गरम होतंय?

शुक्रवार, ८ मार्च

सापडलं.

इंजिन चालू ठेवलं, काटा चढू दिला, पंखा सुरू झाला. वर्तमानपत्राचं अर्धं पान घेऊन पुढच्या जाळीसमोर धरलं. पंखा आतून हवा ओढतो, पान जाळीला चिकटायला हवं. पान उडालं. थेट माझ्या तोंडावर! पुन्हा धरलं, पुन्हा उडालं.

पंखा उलटा फिरतोय. ओढायच्या ऐवजी ढकलतोय. गाडी पळत असताना वाऱ्यावर भागतं, थांबली की हा पठ्ठ्या इंजिनाचीच गरम हवा रेडिएटरवर मारतो.

खाली वाकून तारा पाहिल्या. खांदा ओरडत होता, ओरडू दिला. गाडीची लाल तार पंख्याच्या काळीला, गाडीची काळी पंख्याच्या लालला! लालला लाल, काळीला काळी, हे शेंबडं पोरही करील. चुकून होत नाही असं. मुद्दाम उलटंच जोडायला डोकं लागतं. आणि ह्यांनी ते तिथे लावलं!

वर्कशॉपच्या मालकाला फोन केला. उद्या दहाला गाडी घेऊन येतो, म्हटलं, तुमच्या सुपरवायझरची करामत सगळ्यांसमोर दाखवतो. मालक थंडपणे म्हणाला, "या. असं असेल तर तो सोमवारपासून इथे दिसणार नाही."

जावई धावत आला. "बाबा, माझ्याच हातून झालं. घाईत झालं. मी इथे दुरुस्त करून देतो, मालकांसमोर नको."

कसं झालं ते सांगा, म्हटलं. कोणती तार कुठे, आणि का? त्याला सांगता येईना. स्वतः केलेलं काम सांगता येत नाही, असा सुपरवायझर!

ही म्हणाली, "पोरीचा संसार आहे तो. गाडी नाही." मी काय करू? चूक ती चूक. जावई झाला म्हणून पंखा सुलटा होत नाही.

शनिवार, ९ मार्च

निघण्याआधी जोड नीट दिसावा म्हणून वरची टेप सोडवायला बसलो. नखाने टोक शोधायची गरजच पडली नाही. टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या माणसाला चटकन धरता यावं म्हणून.

मी तसं दुमडतो. दुसरं कोणी दुमडताना पाहिलेलं नाही. टॉर्च धरणाऱ्या एकीला शिकवलं होतं.

मग तारा पुन्हा पाहिल्या. ती चूक नव्हती. बाबांची गाडी, म्हणजे काळी जिवंत. असं समजून तिने गाडीची काळी नव्या पंख्याच्या जिवंत तारेला, म्हणजे लालला, जोडली. गाडीच्या पुढच्या भागातल्या तारा मात्र कंपनीच्या आहेत. त्यांना मी कधी हात लावला नाही, आणि हे तिला कधी सांगितलंही नाही.

बिलं करते म्हणे.

मालकाला कळवलं, येत नाही. दोष माझ्या तारांचा होता.

रविवार, १० मार्च

ठमी गाडीखाली. आतून आवाज, "बाबा, टॉर्च हलवू नका."